घड्याळ फेकू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

नवा सेल टाकूनही घड्याळ हूं की चूं करत नाही, म्हणून तू ते खणात टाकून दिलंस, असं आई म्हणाली. बाहेर काढ ते. जुना सेल संपेपर्यंत नीट चालत होतं ना? मग बिघाड बहुधा तुझा हात लागला तिथेच आहे.

आधी चावी पाहा. ती बाहेर ओढलेली राहिली की काटे थांबूनच राहतात. हसू नकोस, यापायी मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

मग झाकण उघडून सेलवरचा नंबर वाच. ६२६ आणि ६२१ या दोन्हींचा व्यास ६.८ मिमी, पण पहिल्याची जाडी २.६ आणि दुसऱ्याची २.१. चुकून पातळ सेल आला तर तो खाचेत दिसतो छान, पण सैल राहतो आणि टेकला तर टेकला. मल्टिमीटर लावून बघ. सिल्व्हर ऑक्साइडचा ताजा सेल १.५५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू धरल्या असशील तर शॉर्ट होऊन तो तिथेच उतरलेला असू शकतो. खाचेच्या तळाशी वजा टोकाची पातळ पट्टी असते. ती दबली असेल तर टूथपिकने अलगद उचल.

आता सेकंद काटा नीट न्याहाळ. जागच्या जागी थरथरतोय? मग वीज पोहोचते आहे, आणि अडथळा चाकांतल्या कचऱ्याचा किंवा एकमेकांना घासणाऱ्या काट्यांचा आहे. अगदीच निपचित असेल तर सेल काढून कॉइलच्या, म्हणजे बारीक तारेच्या गुंडाळीच्या, दोन टोकांना मीटर लाव. साधारण एक-दोन किलोओहम आले तर ती शाबूत आहे. काहीच आलं नाही तर तार तुटली. केसाहून बारीक असते ती, स्क्रूड्रायव्हर निसटला की संपलं. आईचं जुनं घड्याळ असंच माझ्या हातून गेलं. तिला वाटतं ते आपोआप बंद पडलं. तसंच वाटू दे.

तार तुटलीच असेल तर कॉइल शोधत बसू नकोस, अख्खं मशीन बदलणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

काही घड्याळांत, विशेषतः डिजिटल आकडेवाल्या, सेलजवळ ‘एसी’ कोरलेलं असतं. चिमट्याचं एक टोक तिथे आणि दुसरं सेलच्या अधिक बाजूला दोन सेकंद टेकव, म्हणजे सर्किट रीसेट होतं. इथे मात्र धातूचाच चिमटा हवा.

मीटर काय म्हणतो ते कळव. आणि झाकण लावताना रबरी रिंग विसरू नकोस.

तुझा,
बाबा