सभासदत्वाचा अर्ज चार महिने अडवल्याबद्दल आणि बाग काढून टाकण्याचा सल्ला दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी मंडळ,
वाइन उत्पादक व द्राक्ष उत्पादक यांची प्रादेशिक संघटना, नाशिक

दिनांक : ९ जानेवारी

महोदय,

आज सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयाने मला फोनवर जे उत्तर दिले, त्यानंतर पुन्हा फोन करण्याची माझी इच्छा राहिली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष उत्पादक असून दोन एकर शिराझ आणि एक एकर शेनिन ब्लाँ अशी वाइनच्या द्राक्षांची माझी बाग आहे. आपल्या संघटनेचे उत्पादक सभासदत्व मिळावे म्हणून मी १० सप्टेंबर रोजी अर्ज दिला, त्यासोबत सातबारा, आठ-अ, आधार कार्डाची प्रत आणि दोन छायाचित्रे जोडली आणि प्रवेश शुल्क व वार्षिक वर्गणी मिळून ५,९०० रुपये त्याच दिवशी आपल्या खात्यात भरले. पैसे जमा झाल्याचे माझ्या बँकेने मला त्याच संध्याकाळी कळवले. आपण मात्र आजपर्यंत काहीही कळवलेले नाही आणि पावतीही दिलेली नाही.

या चार महिन्यांत माझ्या बागेची ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले, परतीच्या पावसात डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी रात्री-अपरात्री फवारण्या झाल्या, घड सुटले, मणी फुगले आणि आता शिराझच्या मण्यांत पाणी उतरून ते पिकू लागले आहेत. एवढ्या काळात वेलीवर अख्खे पीक उभे राहिले, पण माझा अर्ज मंजूर की नामंजूर हे लेखी सांगणारी एक ओळ आपल्याकडून आली नाही.

सप्टेंबरअखेर मी पहिल्यांदा विचारणा केली तेव्हा सांगण्यात आले की, माझ्या सातबाऱ्यावर पीक म्हणून केवळ 'द्राक्षे' अशी नोंद आहे आणि ती वाइनची द्राक्षे आहेत हे त्यावरून सिद्ध होत नाही. मी तलाठी कार्यालयात गेले. तेथे मला सांगितले गेले की नोंद पिकाची केलेली आहे, वाणाचा उल्लेख त्यात येणार नाही. मी बागेचे, पानांचे आणि घडांचे फोटो पाठवले, तेव्हा फोटोवरून काही ठरवता येत नाही असे उत्तर आले. म्हणून मी विनंती केली की आपला एखादा माणूस प्रत्यक्ष बागेवर पाठवा. त्यावर मिळालेले उत्तर मी त्याच वेळी वहीत लिहून ठेवले होते: बागेला भेट देण्याची सोय फक्त सभासदांसाठी आहे. म्हणजे बाग पाहिल्याशिवाय सभासदत्व नाही आणि सभासदत्वाशिवाय बाग पाहणे नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

ऑक्टोबरमध्ये छाटणीची मजुरांची टोळी बागेत असताना मी अर्धा दिवस काढून नाशिकला आपल्या कार्यालयात आले. संबंधित व्यक्ती बाहेर गेल्याने मला पुढच्या आठवड्यात यायला सांगितले गेले. पुढच्या आठवड्यात आले तेव्हा नवीन अट समोर आली: एखाद्या वाइनरीशी झालेला चालू करार अर्जाला जोडावा. छापील अर्जात अशी अट कोठेही नाही. माझा तीन वर्षांचा करार गेल्या मार्चच्या तोडणीबरोबर संपला आणि त्या वाइनरीने तो अजून वाढवलेला नाही. ही गोष्ट मी लपवली नव्हती, अर्जातच स्पष्ट लिहिली होती. सभासद होण्याचे मुख्य कारणच ते होते.

आता आजच्या फोनविषयी सविस्तर लिहिते, कारण आपल्या नावाने कोणत्या भाषेत बोलले जाते ते कार्यकारी मंडळाला कळले पाहिजे. फोन उचलणाऱ्या गृहस्थांनी अर्ज क्रमांक विचारला. मी सांगितला. मग त्यांनी सुमारे सहा मिनिटे मला थांबवून ठेवले आणि परत येऊन म्हणाले, "ताई, घरात कोणी पुरुष माणूस असेल तर त्यांना फोन देता का?" मी म्हणाले की सातबारा माझ्या नावावर आहे, अर्ज माझा आहे, छाटणीपासून तोडणीपर्यंत बाग मी पाहते, तेव्हा जे सांगायचे ते मलाच सांगा. ते म्हणाले, "तसं नाही, जरा तांत्रिक बोलायचं होतं." मी म्हणाले, बोला. त्यावर त्यांनी करार आहे का असे विचारले. मी चौथ्यांदा सांगितले की करार संपला आहे, नवा झालेला नाही आणि त्यासाठीच मला संघटनेचा आधार हवा आहे. ते म्हणाले, "करार नसेल तर तुमच्या मालाचा आम्हाला काय उपयोग?" मी म्हणाले, हा माल विकत घ्या असे मी म्हणत नाही, मला सभासद करून घ्या असे म्हणते आहे. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग अगदी सहज, दुकानात वस्तू बदलून घ्या असे सांगावे तसे ते म्हणाले, "मग ताई, बाग काढून टाका ना आणि खायच्या जातीची लावा. बरेच जण तेच करतात." मी विचारले की आपण हे संघटनेच्या वतीने बोलत आहात का. त्यांनी फोन ठेवला.

महोदय, बाग काढणे म्हणजे काय असते हे मी पाहिलेले आहे. शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले आणि त्या उमेदीच्या काळात माझ्या सासऱ्यांनी सहा एकर वाइनची द्राक्षे लावली. २००८ च्या जागतिक मंदीने आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्याने हॉटेले आणि पर्यटन थंडावले, वाइनरींच्या टाक्यांत जुना माल पडून राहिला आणि पुढच्या हंगामात पिकलेली द्राक्षे उचलायला कोणी आले नाही. तोडणीला आलेला माल वेलीवरच सुकला. २०१० मध्ये आम्ही तीन एकर बाग जेसीबी लावून काढली. ओलांड्यांसकट, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्यांसकट, खोडे उपटली गेली, तारा आणि लोखंडी अँगल भंगाराच्या भावाने गेले आणि सासरे दिवसभर बांधावर उभे होते. उरलेले तीन एकर त्यांनी कोणाचेही न ऐकता ठेवले. आज माझ्या नावावर आहेत ते हेच तीन एकर, आणि द्राक्ष उत्पादकांच्या नावाने चालणाऱ्या संघटनेने मला तेही काढायला सांगितले.

आपल्याला आपल्या मालाची माहिती असेलच, तरीही आपल्या कार्यालयासाठी लिहिते. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. खायच्या द्राक्षासारखे जीए या वाढ-संजीवकात बुडवून त्याला फुगवत नाहीत, उलट पीक मुद्दाम मर्यादित ठेवून साखर आणि रंग राखावा लागतो. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, भरली की ठरलेल्या दिवशी, उन्हे चढायच्या आत तोडून माल त्याच दिवशी वाइनरीत पोहोचवावा लागतो. थॉमसन किंवा सोनाका या खायच्या जाती पिकवणाऱ्या शेतकऱ्याला निर्यातदार आला नाही तर स्थानिक बाजार आहे, तोही पडला तर बेदाणा आहे. माझ्या शिराझला वाइनरी सोडली तर कोणीही गिऱ्हाईक नाही. ती बाजारात कोणी खायला घेत नाही आणि तिचा बेदाणा होत नाही. म्हणून ज्याच्याकडे करार आहे तो उत्पादक एक वेळ संघटनेशिवाय निभावून नेईल, ज्याच्याकडे करार नाही त्याला मात्र संघटनेवाचून दुसरे दार नाही. आपण नेमका त्यालाच दाराबाहेर ठेवणारा नियम केला आहे आणि तोही अर्जावर न छापता.

खायच्या जातीची बाग लावा असे सांगणाऱ्याला त्याचा खर्च ठाऊक आहे का? आधी खुंट लावायचा, तो तयार झाला की कलम करायचे, मांडव पुन्हा उभा करायचा आणि या सगळ्यात जवळजवळ दोन वर्षे हाती पीक येत नाही. शिवाय आपला माणूस ज्याला 'तांत्रिक बोलणे' म्हणत होता ते मला चांगले समजते. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते आणि सप्टेंबरात द्राक्षे तोडतात. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून तिला आपल्या वेळापत्रकावर आणतो आणि कोरड्या, थंड रात्रींच्या दिवसांत, जानेवारी ते मार्चमध्ये, पीक घेतो. नाशिकची वाइन वर आली ती या दोन छाटण्यांवर, आणि त्या बागेत शेतकरी करतो. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यातला भूगोल आमच्या शेतांचा आहे.

मला आणखी एका गोष्टीचे वाईट वाटते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावर मोठा वाद झाला, तेव्हा या निर्णयाने द्राक्ष शेतकऱ्याला आधार मिळेल हा युक्तिवाद सगळीकडे झाला. त्या वेळी मी नातेवाइकांशी, गावातल्या बायकांशी, प्रसंगी स्वतःच्या आईशी वाद घातला, कारण तो युक्तिवाद मला खरा वाटत होता आणि आजही वाटतो. पण वाइनची बाजू मांडताना ज्या शेतकऱ्याचे नाव पुढे करायचे, त्याच शेतकऱ्याने सभासदत्व मागितले की त्याला करार दाखव म्हणायचे, हे मला पटत नाही. आपल्या माहितीपत्रकात उत्पादक आणि वाइनरी यांना एकत्र आणणे हा संघटनेचा पहिला उद्देश म्हणून छापलेला आहे. तो वाचूनच मी अर्ज केला होता.

पावतीबद्दल पुन्हा लिहिते, कारण प्रत्येक फोनवर मी ती मागितली आहे. ५,९०० रुपये ही आपल्या दृष्टीने लहान रक्कम असेल, पण डाऊनीच्या दिवसांत माझी एक फवारणी तेवढ्यात होते. चार महिने माझे पैसे ठेवून घेणाऱ्या संस्थेने त्याचा कागद देऊ नये, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. पैशांची पावती १० सप्टेंबर या तारखेची, या पत्राच्या उत्तरासोबत मिळावी. माझ्या अर्जावर कार्यकारी मंडळाच्या सभेत निर्णय व्हावा आणि तो लेखी कळवावा. नामंजूर केल्यास संघटनेच्या घटनेतील कोणत्या कलमानुसार, ते त्यात लिहावे. चालू कराराची अट घटनेत असेल तर ते पान पाठवावे, नसेल तर ती अट काढून टाकावी, माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या प्रत्येकासाठी. आणि आज फोनवर जे बोलले गेले ती संघटनेची भूमिका आहे की नाही, हे अध्यक्षांच्या सहीने कळवावे. त्या कर्मचाऱ्याची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. त्याला एक दिवस कोणाच्याही बागेत तोडणीला पाठवा, एवढेच म्हणेन.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर हे पत्र, बँकेचा उतारा आणि माझ्या वहीतील फोनच्या नोंदी मी धर्मादाय सह आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे देणार आहे. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील, करार संपलेल्या ज्या उत्पादकांना मी ओळखते, त्यांनाही या पत्राची प्रत देणार आहे. असे करावे लागू नये असे मला मनापासून वाटते, कारण अशा भांडणात वाइनरीचे काही जात नाही आणि आमचा हंगाम जातो.

माझी शिराझ काल रिफ्रॅक्टोमीटरवर १७ ब्रिक्स दाखवत होती. रात्री थंड राहिल्या तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती तोडणीला येईल. बागेची पाहणी करायची असेल तर त्याआधी या. सकाळी सातपासून मी बागेतच असते.

आपली,
अर्जदार द्राक्ष उत्पादक,
दिंडोरी तालुका, जि. नाशिक

सोबत : अर्जाची प्रत, १० सप्टेंबर रोजीच्या बँक व्यवहाराचा उतारा, संपलेल्या कराराची प्रत