ड्रायसूट घेताना आधी माप बघा, कापड नंतर

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगवर लेख आला, बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही. पण ड्रायसूटचा (पाणी आत येऊ न देता अंग कोरडं ठेवणारा सूट) विषय त्यात चार ओळीत उरकलाय, आणि ‘जाड निओप्रीनचा भारी सूट घ्या म्हणजे थंडी वाजत नाही’ (निओप्रीन म्हणजे फोमसारखं रबर) असं जे म्हटलंय ते वाचून कोणी खरेदीला गेला तर पैसे पाण्यात जातील, म्हणून हे पत्र.

पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे अंग कोरडं ठेवायचं हे बरोबरच आहे. पण ऊब येते ती मुख्यतः आत घातलेल्या अंडरसूटमुळे आणि त्यात अडकलेल्या हवेमुळे. ट्रायलॅमिनेट सूट म्हणजे बहुतेक वेळा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोन थरांमधे ब्युटिल रबर, त्यात रेनकोटइतकीच ऊब. निओप्रीनला स्वतःची ऊब असते हे खरं, पण ती त्यातल्या बारीक बुडबुड्यांची, आणि 10 मीटरवर दाब दुप्पट झाला की ते बुडबुडे चेपतात, 30 मीटरवर तर चौपट दाब, म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच सूट पातळ होतो आणि बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगण्याची क्षमता, तीही बदलत जाते. क्रश्ड निओप्रीन आधीच दाबलेलं असतं म्हणून त्यात हा त्रास कमी. मी स्वतः ट्रायलॅमिनेटच्या बाजूचा आहे, वाळतो पटकन आणि पाणी कसं आहे त्याप्रमाणे आतले थर कमी जास्त करता येतात. आत कॉटन मात्र अजिबात नको, घामाने ओलं झालं की संपलं.

पण माझ्या मते कापड हा नंतरचा प्रश्न, आधी माप. दुकानात टीशर्टवर सूट चढवून आरशात बघणारे बरेच दिसतात, त्याने काहीच कळत नाही. ज्या जाडीचा अंडरसूट वापरणार तोच घालून जा आणि मग उकिडवे बसा, दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन विरुद्ध खांदे धरा, हात मागे नेऊन सिलेंडरचा व्हॉल्व्ह जिथे येईल तिथपर्यंत पोचतो का बघा. हे करताना जांघेत किंवा पाठीत ओढलं तर तो सूट तुमचा नाही. ढगळ सूटही तितकाच वाईट, कारण पायात जास्त जागा असली की हवा तिकडे पळते आणि माणूस उलटा होऊन पाय वर करून वर जायला लागतो, आणि हवा सोडायचा व्हॉल्व्ह असतो दंडावर, तो आता खाली गेलेला, म्हणजे हवा बाहेर पडायची कशी?

सील्सबद्दल, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून मान आणि मनगटाला आवळून बसणाऱ्या पट्ट्यांबद्दल, लेखात एक अक्षर नाही. मान आणि मनगटाचं लॅटेक्स ताणतं छान, पण ऊन, ओझोन, तेल, सनस्क्रीन यांनी खराब होतं आणि काही लोकांना त्याची ॲलर्जी असते. सिलिकॉन मऊ असतं, लवकर फाटतं, साध्या गोंदाने चिकटत नाही म्हणून रिंगवर बसवतात, पण त्याचा फायदा असा की फाटलं तर नवीन सील आपलं आपण बदलता येतं. निओप्रीनचं सील टिकाऊ. मानेचं सील आवळ असेल तर ‘होईल सैल’ म्हणून सोडून देऊ नका, गळ्याच्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन चक्कर येऊ शकते.

झिप हा सूटमधला सगळ्यात महागडा रिपेअर. पाठीवरच्या झिपला दुसरा माणूस लागतो, छातीवरची तिरकी झिप आपली आपण लावता येते. पितळी दातांची असेल तर मेण लावत राहायचं, प्लॅस्टिकची असेल तर टोकाला सिलिकॉन ग्रीस, आणि दोन्हीपैकी कुठलीच घडी घालून दुमडायची नाही. वापरलेला सूट घेत असाल तर सगळ्यात आधी झिपच हलकेच वाकवून बघा, कापडाला भेगा किंवा दात हललेले दिसले तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. बाकीचं लीक शोधायला सील्स बंद करून सूट फुगवायचा आणि साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे दिसतात. विकणारा हे करू देत नसेल तर काय ते समजून घ्या.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकांना एवढं सांगा की ड्रायसूटच्या ट्रेनिंगबद्दल जरूर लिहा. खाली जाताना आतली हवा आकसते, सूट अंगाला चिमटे काढतो म्हणून छातीवरच्या बटणाने हवा घ्यावी लागते, वर येताना तीच हवा फुगते आणि ती वेळेवर सोडावी लागते, आणि पाय वर झालेच तर गोळा होऊन पलटी कशी मारायची हे आधी उथळ पाण्यात कोणीतरी शिकवावं लागतं.

आपला,
एक नियमित वाचक