गाईडं आहेत, संविधान नाही

मा. संपादक,

मी ग्रामपंचायत सदस्या. २६ जानेवारीला उद्देशिका आम्ही खड्या आवाजात म्हणतो, पुढचं पान मात्र कोणी उलटत नाही. गावच्या वाचनालयात पोलीस भरतीची गाईडं ढीगभर; मराठी संविधानाची प्रत एकही नाही. शेवटी लेकीचं सातवीचं नागरिकशास्त्र कपाशीची वेचणी आटोपल्यावर रात्री वाचून काढलं. सोपं आहे, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पण ग्रामसभेचा अनुच्छेद २४३क, १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेला, मुळातून वाचायचा तर संविधानच हवं. सचिव बदलले की नियमही बदलतात आमच्याकडे! दर ग्रामपंचायतीत मराठी प्रत ठेवा, आणि कपाटाला कुलूप लावू नका.

– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ