रणजितसिंहांचे चित्र उलटे छापले गेले

संपादक महोदय,

शीख दरबारातील लघुचित्रांवरचा आपल्या पुरवणीतील लेख आवडला, पण सोबतचे महाराजा रणजितसिंहांचे चित्र उजवे-डावे उलटून छापले आहे. लहानपणी देवी येऊन त्यांचा डावा डोळा गेला होता. एका बाजूने काढलेल्या चित्रात ते बघणाऱ्याच्या उजवीकडे पाहत असतील, तर आपल्याला त्यांचा उजवा, शाबूत डोळा दिसतो. तेच चित्र उलटले की गेलेला डोळाच टक्क उघडा दिसू लागतो! डाव्या कमरेची तलवारही उजवीकडे जाते. चेहरा मजकुराकडे वळलेला असावा म्हणून पानाच्या मांडणीत असे करतात. काठावरची गुरुमुखी किंवा फारसी अक्षरे कापली गेली असली, तर चूक सहज लक्षातही येत नाही.

डोळा लपवण्यासाठीच चित्रकार बाजूचा चेहरा काढत, हे लेखातले विधानही पटत नाही. मिटलेला डावा डोळा स्पष्ट दाखवणारी चित्रे आहेत. बाजूचा चेहरा काढण्याची रीत मोगल दरबारापासूनची, गुलेर-कांगडा या पहाडी राज्यांतल्या चित्रकारांच्या हातात मुरलेली. १८०९ मध्ये कांगड्याचा किल्ला आणि १८१३ मध्ये गुलेर लाहोर दरबाराकडे, म्हणजे रणजितसिंहांकडे गेले, आणि गुलेरचा नामवंत चित्रकार नैनसुख याच्या घराण्यातील चित्रकार शीख सरदारांसाठी काम करू लागले. कपाळ, नाक, ओठ, दाढी ही एक सलग रेघ साधली की माणूस ओळखू येतो, शिवाय ती रेघ जपून ठेवता येते.

ती खाक्यात, म्हणजे टोचून केलेल्या नमुन्यात जपत. हरणाच्या पातळ कातड्यावर रेघ उतरवून सुईने टोचायची, मग वसलीवर, म्हणजे थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. उमटलेले ठिपके जोडून गेरूने रेखाटन, वर सफेद्याचा पातळ हात, पुन्हा रेघ, मग रंग. रंगात डिंक कमी पडला तर तो बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकून पोपडे सुटतात. दाढीचे केस शेवटी, खारीच्या शेपटीच्या कुंचल्याने, एकेक. रणजितसिंहांना स्वतःचे चित्र काढून घेण्याची हौस नव्हती. १८३९ मध्ये ते गेल्यावरही त्यांची चित्रे अशा खाक्यांवरून निघत राहिली.

खाका पालथा घालून चित्रकारही चेहरा फिरवत, पण मग डोळा, तलवार, अंगरख्याचे बंद नव्याने विचार करून बसवावे लागत. यंत्राने उलटलेल्या चित्रात ते होत नाही.

तेव्हा अशी चित्रे काठ आणि अक्षरांसकट छापावीत. मूळ चित्र चंडीगडला आहे, लाहोरला की लंडनला, तेही संग्रहालयाच्या नोंद क्रमांकासह खाली द्यावे. हे चित्र पुढच्या अंकात योग्य बाजूने पुन्हा छापावे, ही विनंती.

– एक वाचक