विजयदुर्गाच्या गोदीपर्यंतची पायवाट वाचवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आमचा विजयदुर्ग आहे. देवगड तालुक्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला त्या दिवशी काय वाटलं ते शब्दांत मांडणं अवघड आहे. पण हे पत्र किल्ल्याबद्दल नाही. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, गिर्ये गावात, वाघोटण खाडीच्या काठाला आरमाराची गोदी आहे. त्या गोदीबद्दल आणि तिथवर नेणाऱ्या वाटेबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

देवगड-विजयदुर्ग रस्ता सोडून खाडीकडे उतरायला लागलं की आधी सडा म्हणजे उघडं कातळपठार, मग आंब्या-काजूच्या बागा लागतात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि मधून पायवाट. मे महिन्यात पायाखाली रातांबे चिरडतात. खाली खाडी दिसायला लागली की झाडं बदलतात, तिवरांची दाटी सुरू होते आणि चिखलात निवटे नावाचे छोटे मासे उड्या मारताना दिसतात. या झाडीत शिरलं की समोर एकदम उभी कातळभिंत येते. खडक कापून केलेलं हे भलंमोठं कुंड म्हणजेच गोदी.

किल्ला लढाईसाठी होता, ही जागा कामाची होती. विजयदुर्गाच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही आणि आत पाणी खोल आहे, म्हणून मोठी जहाजं थेट आत येत. भरतीच्या पाण्यावर गुराब किंवा गलबतासारखं जहाज गोदीत घ्यायचं आणि ओहोटीला ते उघडं पडलं की कामाला लागायचं. तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, लाकूड पोखरणाऱ्या किड्यानं खाल्लेल्या फळ्या बदलायच्या, सांधे बुजवायचे. पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे आरमार तेव्हा किनाऱ्यालाच असायचं. आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये याच बंदरात जळालं. पुढे आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचं आरमार चालवलं आणि १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं. त्या विजयाची गोष्ट सांगताना आपण तलवारी आणि तोफा आठवतो. सुतार, लोहार आणि चिखलात गुडघाभर उभे राहिलेले खलाशी आठवत नाहीत. त्यांची खूण म्हणावी अशी ही एकच जागा आमच्याकडे उरली आहे.

गेल्या मे महिन्यात ओहोटी बघून मी खाली उतरलो. काठावर एक बाई कोयतीनं कालवं काढत होती. मी पुढे जायला लागलो तशी ती म्हणाली, ‘थंय जावू नकात, पाय रुततलो.’ तिच्याच बाजूला बसून मी भिंतीच्या बांधलेल्या भागावरचं शेवाळ हातानं बाजूला केलं. आत घडीव दगडाचे थर होते, एकावर एक नीट बसवलेले, आणि दोन थरांच्या फटीत तिवराचं मूळ शिरलेलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं जाड. आणखी दहा पावसाळ्यांनी ते मनगटाएवढं होईल आणि दगड बाहेर ढकलेल.

परत येताना दिसलं ते जास्त लागलं. वाटेवरच्या गडग्याचे चिरे एका ठिकाणी काढून नेले होते. कुणी नेले, हे मला शोधायचं नाही. ज्या वाटेची कागदावर नोंद नाही, तिचे दगड कुणालाही आपलेच वाटतात.

म्हणून साहेब, माझी पहिली विनंती साधी आहे. ही पायवाट महसूल खात्याकडून मोजून घ्या आणि गावच्या नकाशावर आणा. तुमच्या अखत्यारीतल्या पुरातत्त्व संचालनालयानं गोदीचा रीतसर आराखडा काढावा. गाळ काढायला कृपा करून जेसीबी पाठवू नका. त्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून जुनं लाकूड, खिळे, दोर त्यात टिकून असण्याची शक्यता आहे. एका दिवसात यंत्रानं उपसलं तर ते कायमचं गेलं.

तिवरांचा प्रश्न खरा अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. कांदळवन, म्हणजे हीच तिवरांची झाडी, तोडायला कायद्यानं बंदी आहे, मुंबई उच्च न्यायालयानंही ती बजावली आहे, आणि ते योग्यच आहे. आमची मासळी त्याच मुळांत वाढते. पण भिंतीच्या फटीतलं मूळ आणि खाडीकाठचं वन एक नव्हे. कुठलं रोप काढायचं आणि कुठलं ठेवायचं, हे वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि पुरातत्त्व खातं यांनी एकाच दिवशी, एकत्र गोदीत उभं राहून ठरवावं. निरनिराळ्या टेबलांवरून पत्रं फिरत राहिली तर मूळ थांबणार नाही.

आणखी एक. सुशोभीकरण नको. पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब, सेल्फी पॉइंट यांतलं काहीही नको. जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी वाट, दुरुस्त करायला गावातलेच गवंडी आहेत, त्यांना ते काम येतं.

तुम्ही स्वतः या. अमावास्येला किंवा पौर्णिमेला या, तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि पहाटे पाणी सगळ्यांत खाली जातं. साडेपाचला गिर्ये सोडलं तर उजाडताना तळाचे दगड दिसतील. मी वाटेच्या तोंडाशी थांबेन.

आपला,
देवगड तालुक्यातील एक रहिवासी