लिलावातल्या सहा गिन्या आणि आपण घालून दिलेली मर्यादा

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये अशी आपली अट असल्यामुळे हे पत्र निनावी काकांनाच लिहितो आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की तारण सोन्याच्या लिलावाची जाहिरात वाचून माझ्यासारखे अनेक जण हौसेने अनामत रक्कम भरतात आणि बोली कुठवर न्यायची याचा विचार मात्र लिलावाच्या खोलीत जाऊन बसल्यावर करतात.

तालुक्याच्या पतसंस्थेच्या त्या लिलावात दोन जिन्नस माझ्या मनात भरले होते : सहा जुन्या गिन्यांचा एक लॉट आणि पुतळ्यांची एक माळ. दोन्ही पुतण्यांच्या लग्नात आहेर म्हणून गिन्या द्याव्यात असा बेत होता. बोली कुठवर न्यावी हे विचारायला आपल्याकडे आलो तेव्हा माझा हिशेब तयारच होता. जाहिरातीत सहा गिन्यांचे वजन ४९.१ ग्रॅम दिले होते, त्याला मी वर्तमानपत्रातल्या २४ कॅरटच्या भावाने गुणले होते आणि येणारा आकडा ही वस्तूची किंमत, त्याच्या आत मिळाले तर स्वस्त, असे समजून बसलो होतो. तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाचा हा हिशेब पाहून आपण हसला नाहीत, हा पहिला उपकार.

इंग्लंडच्या राजाचे चित्र असलेली ही गिनी, म्हणजे मूळचे सॉव्हरिन नाणे, २२ कॅरटचे असते, नव्या नाण्याचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि त्यातले शुद्ध सोने फक्त ७.३२ ग्रॅम, हे आपण कागदावर लिहून दिलेत. मग सहापैकी चार नाण्यांना गळ्यात घालण्यासाठी झाळलेल्या, म्हणजे डाक देऊन जोडलेल्या, कड्या आहेत, त्यांचे सुमारे १.३ ग्रॅम वजन वगळा, कारण कडीचा आणि झाळीचा कस खात्रीचा नसतो आणि ते सोने आटणीच्या, म्हणजे वितळवतानाच्या, घटीत गेले असेच धरावे, असे सांगितलेत. राहिले ४७.८ ग्रॅम, त्यातले शुद्ध सोने ४३.८ ग्रॅम. म्हणजे मी ज्या सव्वापाच ग्रॅमचे पैसे द्यायला निघालो होतो ते शुद्ध सोने तिथे नव्हतेच. आताच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने बोलायचे तर अर्ध्या तोळ्याहून जास्त!

त्याहून मोलाची गोष्ट पुढची होती. बोली किती करावी याला एक आकडा नसून दोन टोके असतात, हे मला ठाऊक नव्हते. खालचे टोक मोडीचा भाव : हीच नाणी उद्या पेढीवर विकायला नेली तर हातात किती पडेल ते. वरचे टोक म्हणजे तेवढ्याच वजनाची नवी नाणी दुकानातून घडणावळ आणि करासकट घेताना लागणारी रक्कम. लिलावाला येणारा सराफ मोडीच्या भावातून आपला नफा काढून ठेवतो, म्हणून तो लवकर थांबतो. घरात ठेवण्यासाठी घेणाऱ्याने त्याच्या थोडे पुढे जायला हरकत नाही, पण ते पाऊल किती लांब टाकायचे हे घरूनच ठरवून निघावे, असे आपण म्हणालात. अटींमध्ये बोलीवर ३ टक्के जीएसटी वेगळा होता. तेव्हा ४३.८ ग्रॅम शुद्ध सोन्याची त्या दिवशीची किंमत काढायची, तिला १०३ ने भागून १०० ने गुणायचे आणि तिथेच थांबायचे, हा आपला नियम मी खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतला.

त्यातले एक नाणे १९१८ सालचे होते आणि सालाच्या वर, मधोमध, बारीक ‘आय’ हे अक्षर होते. ते मुंबईच्या टांकसाळीचे चिन्ह असून तिथे सॉव्हरिन त्या काळी फक्त त्याच एका वर्षी पाडली गेली, हे ऐकल्यावर मी लगेच हजारांची भर घालायला तयार झालो होतो. तेव्हा आपण भिंगातून त्याच्या कडेवरची झाळ दाखवलीत. तशी सुमारे तेरा लाख नाणी पाडली गेली होती, आणि झाळ लागलेल्या नाण्याला संग्राहक सोन्यापलीकडे फारसे काही देत नाही. हौस उतरली, हे कबूल करतो.

पाहणीच्या दिवशी आपल्या कॅलिपरने प्रत्येक नाण्याचा व्यास २२ मिलिमीटरच्या जवळपास आणि जाडी दीड मिलिमीटर भरते का ते पाहिले. हलक्या धातूवर मुलामा दिलेले नाणे वजनात बरोबर उतरले तर मापात मोठे भरते, ही युक्ती मला इतकी आवडली की घरातली सगळी नाणी मोजून झाली आहेत.

पुतळ्यांच्या माळेबद्दल मात्र आपण स्पष्ट नकार दिलात. मूळची व्हेनिसची पुतळी जवळजवळ शुद्ध सोन्याची आणि साडेतीन ग्रॅमची असली, तरी आपल्याकडच्या माळांत सोनारांनी घडवलेल्या पुतळ्याच फार, त्यांचा कस घराघरांत वेगळा, आणि टंच काढल्याशिवाय, म्हणजे कस तपासून घेतल्याशिवाय, आकडा बोलू नये, असे आपले मत होते. पतसंस्था माल ‘जसा आहे तसा’ विकत होती. तरीही माळ पुढे आली तेव्हा माझा हात एकदा वर गेला होता, हे आपल्याला आजच कळते आहे. दुसऱ्या बोलीला चिठ्ठी आठवली आणि हात खाली आला. माळ कोणाला, कितीला गेली हे ऐकायलाही थांबलो नाही.

गिन्यांच्या बोलीत दोन सराफ अपेक्षेप्रमाणे आधी थांबले, एक हौशी गृहस्थ माझ्यासोबत पुढे आले आणि चिठ्ठीवरच्या आकड्याच्या नऊशे रुपये अलीकडे तेही थांबले. ते थांबले नसते तर मी थांबलो असतो का, असे आपण फोनवर विचारलेत. चिठ्ठी नसती तर नाही.

आपण मोबदला घेतला नाहीत, साधा चहाही स्वतःच पाजलात. काकूंना नमस्कार सांगावा. कॅलिपर आणि भिंग रविवारी सकाळी आणून देतो. सोबत त्या १९१८ च्या गिनीची कडी काढून आणतो आहे, ती नेमकी किती वजनाची निघाली ते आपल्या काट्यावर पाहायचे आहे.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक