ग्रोसग्लॉक्नरचा घाट: मित्रास पत्र

म्युनिक,
दि. ८ मार्च

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

जूनअखेरीस तू येणार हे वाचून फार आनंद झाला. भाड्याची स्पोर्ट्स कार घेऊन आल्प्समध्ये जायचा आपला जुना बेत आता मार्गी लागतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रस्ता माझ्या मते एकच, ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉक्नर शिखराजवळचा. अभियंता फ्रान्झ वालाक यांनी आखलेला हा घाट १९३५ साली खुला झाला. लांबी ४८ किलोमीटर, हेअरपिन वळणे ३६, आणि माथा होखटोरला २,५०४ मीटरवर. नुसते डोंगरापलीकडे पोहोचवणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. चढताना हिमशिखरे समोर यावीत अशा बेताने तो वळवला आहे आणि गाडी उभी करायला जागोजागी सज्जे ठेवले आहेत. हिवाळ्यात तो बंद असतो, मे महिन्यात बर्फ कापून खुला करतात. त्यामुळे जूनमध्येही माथ्यावर रस्त्याकडेला बर्फ दिसण्याची आशा आहे.

गाडीविषयी मात्र माझे मत तुझ्याहून वेगळे आहे. तू पोर्शेची ९११ म्हणतोस, मी पोर्शेचीच ७१८ बॉक्स्टर म्हणतो. दर काही मिनिटांनी दुसऱ्या गिअरमध्ये वळण घ्यायचे असते तिथे जास्तीची ताकद वापरायला मिळतच नाही; हलकी, इंजिन मधोमध असलेली, छत उघडणारी गाडीच तिथे खरा आनंद देते. तिचे छत गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आत असताना चालू गाडीतही उघडते, मिटते, आणि डोंगरात पाऊस अचानक येतो म्हणून हे मोलाचे आहे. सामान ठेवायला पुढे एक आणि मागे एक असे दोन लहान कप्पे आहेत, तेव्हा मोठी सुटकेस माझ्या घरी ठेवून मऊ पिशवीच बरोबर घ्यायची.

सकाळी लवकर निघू. कुफ्स्टाइनला महामार्ग सोडून कित्सब्युएल, मिटरझिल करत फेरलाइटनच्या टोलनाक्यावर पोहोचू. शहरातून बाहेर गाडी मी काढीन, पुढे स्टिअरिंग तुझ्या हाती. इथे उजव्या बाजूने चालवतात, आणि सरळ रस्त्यावर ते सहज अंगवळणी पडते. चूक होते ती सज्ज्यावर थांबून, फोटो काढून, पुन्हा रस्त्यावर येताना, कारण समोर दुसरी गाडी नसली की हात आपोआप डावीकडे वळतो. त्या क्षणी मी तुला दर वेळी मोठ्याने आठवण करून देणार आहे, राग मानू नकोस. उतरताना आपल्या घाटांतलाच नियम: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. गाडी ऑटोमॅटिक असली तरी स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर खाली घेता येतो. ब्रेकवर पाय दाबून धरलास तर ते तापतील.

एडेलवाइसश्पित्सेला जाणारा दगडी फरसबंदीचा फाटा चुकवायचा नाही. २,५७१ मीटरवरून चहूकडची शिखरे दिसतात. मग फ्रान्झ योसेफ माथ्यावर जाऊ, जिथून ३,७९८ मीटर उंचीचा ग्रोसग्लॉक्नर आणि त्याखालची पास्टेर्झे हिमनदी समोर येते. ती झपाट्याने आटते आहे, म्हणून तुला ती लवकर दाखवावी असे मला मनापासून वाटते. मुक्काम हायलिगेनब्लुट गावी. दुसऱ्या दिवशी म्यॉल नदीच्या खोऱ्यातून ग्म्युंडला जाऊ, कारण पोर्शे नावाची पहिली गाडी, ३५६, १९४८ साली याच लहानशा गावात तयार झाली. तिथे संग्रहालयही आहे. तिथून टाउअर्न महामार्गाने घरी.

आता कागदपत्रे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ आणि मूळ परवानाही बरोबर आण. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, म्हणून बँकेकडून मर्यादा तपासून घे. करारात आपण दोघेही चालक म्हणून नोंदलेले असावेत, गाडी ऑस्ट्रियात नेण्याची परवानगी लेखी असावी आणि किलोमीटरची मर्यादा पुरेशी असावी, हे मी पाहतो. आपला फेरा सुमारे सहाशे किलोमीटरचा होईल. गाडी ताब्यात घेताना चाकांच्या रिमा आणि पुढच्या बंपरची खालची कड यांचे फोटो आपण स्वतः काढू, कारण इतक्या बुटक्या गाडीला ओरखडे तिथेच पडतात.

तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव. शनिवार-रविवारी घाटात मोटरसायकलींची फार गर्दी असते, तेव्हा मंगळवार-बुधवार मिळाले तर उत्तम. परवान्याच्या दोन्ही बाजूंचा फोटोही पाठव, म्हणजे आरक्षणाचे काम सुरू करतो.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर